गोग्रास, बाजार आणि चार कप्प्यांचे पोट

दान हे देणाऱ्याच्या भावनेवरून मोजावयाचे की घेणाऱ्याच्या हितावरून, हा प्रश्न आपल्या लोकांस सहसा पडत नाही. पंक्तीस बसलेल्या मनुष्याच्या पानात त्यास न सोसणारा पदार्थ आग्रहाने वाढला, तर तो निदान हात आडवा धरून ‘पुरे’ म्हणू शकतो. मुक्या जनावरास ती सोय नाही. समोर आलेले गोड लागले की ते खात सुटते, आणि परिणाम दुसऱ्या दिवशी मालकाच्या गोठ्यात दिसतो. पोळ्याच्या दिवशी बैलापुढे रिकामे होणारे पुरणपोळ्यांचे ताट. वसुबारसेस वा पितृपक्षात एकाच गायीपुढे गल्लीतील वीस घरांनी नेऊन ओतलेला भात. लग्नानंतर गावाबाहेर टाकलेल्या उष्ट्या अन्नाच्या राशीवर तुटून पडलेल्या शेळ्या. आणि बकरी ईदेपूर्वी शहरातील घरी आणलेल्या बोकडास लाडाने चारलेले गहू, बाजरी व पाव. या गोष्टी वरून निरनिराळ्या दिसल्या तरी त्यांच्या मुळाशी चूक एकच आहे. ती अधर्माची नव्हे, निर्दयतेचीही नव्हे. ती निव्वळ अज्ञानाची आहे. परंतु दयेपोटी केलेल्या चुकीनेही जनावर मरतेच, आणि म्हणून ती चूक उघड करून दाखविणे हे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.

हा विषय शेतकऱ्यांचा व धनगरांचा आहे, शहरातील सुशिक्षितांचा किंवा पेठेतील व्यापाऱ्यांचा त्याच्याशी काय संबंध, असे कोणी विचारील. त्यास आमचे उत्तर असे की, २०१९ च्या पशुगणनेप्रमाणे या देशात सुमारे १९ कोटी २५ लक्ष गायी-बैल, १४ कोटी ८९ लक्ष शेळ्या आणि ७ कोटी ४३ लक्ष मेंढ्या होत्या. ज्या घरास जमिनीचा तुकडाही नाही, त्या घराची दोन शेळ्या हीच पुंजी असते. मुलीची पुस्तके, सासूचे औषध आणि पावसाळ्यापूर्वी छप्पर शाकारणे ही सारी तिच्यावरच भागतात. अशा घराची शेळी कोणाच्या तरी समारंभाच्या उष्ट्याने मेली, तर त्या घराची पेढीच बुडाली असे समजावे. आणि या जनावरांस लागणारी पेंड, भुसा, भरडा व खनिजमिश्रण विकतो कोण? पेठेतील व्यापारी. त्यांस घास घालतो कोण? शहरातील गृहस्थ. तेव्हा या दोघांसच प्रथम सांगणे प्राप्त आहे.

गाय, मेंढी व शेळी ही तिन्ही रवंथ करणारी जनावरे. त्यांच्या पोटाचे चार कप्पे असतात. पहिला सर्वांत मोठा; पशुवैद्य त्यास कोटीपोट म्हणतात, आणि मोठ्या गायीच्या कोटीपोटात शंभर लिटरांहून अधिक ऐवज मावतो. दुसरा आतून मधमाशांच्या पोळ्यासारखा, म्हणून ते जाळीपोट. तिसऱ्यात पोथीच्या पानांसारखे पडद्यावर पडदे, ते पडदेपोट. चौथा कप्पा मात्र तुमच्याआमच्या जठरासारखा असतो, आणि आम्ल व पाचक रस त्यातच सुटतात. मनुष्यास जे पोट आहे ते गायीस आहेच. परंतु त्याच्या आधी तिला तीन आणखी आहेत, आणि सारी गोम तेथेच आहे.

नवल असे की, गवत खाऊन जगणाऱ्या या प्राण्यास गवत स्वतः पचविता येत नाही. गवताचा, कडब्याचा व पाल्याचा जो कठीण तंतू, तो फोडणारा रस गायीच्या शरीरात तयारच होत नाही. ते काम कोटीपोटात राहणारे असंख्य सूक्ष्मजंतू करितात. ते तंतू आंबवितात. त्यातून जी सौम्य आम्ले निघतात ती कोटीपोटाच्या भिंतीतून रक्तात शोषली जातात, आणि जनावरास लागणाऱ्या शक्तीचा फार मोठा हिस्सा याच आम्लांतून मिळतो. पुढे तेच सूक्ष्मजंतू चाऱ्याबरोबर वाहत चौथ्या पोटात येतात, तेथे पचतात, आणि दूध, मांस व लोकर यांस लागणारे प्रथिन पुरवितात. आपण गायीस खाऊ घालतो हे म्हणणे म्हणूनच अर्धे खरे आहे. आपण तिच्या पोटातील सूक्ष्मजंतूंस खाऊ घालतो, आणि ते तिला पोसतात. मनुष्यास निरुपयोगी अशा कडब्याचे दूध करण्याची जी किमया आपण गायीच्या नावावर मांडतो, ती वास्तविक या अदृश्य सेवकांची आहे.

या सेवकांचा एक हट्ट आहे. त्यांचे घर फार आंबट झालेले त्यांस खपत नाही. यासाठी निसर्गाने रवंथाची योजना केली आहे. जनावर चारा घाईने गिळते, आणि मग निवांत बसून तोच घास परत तोंडात आणून चावीत राहते. दिवसाचे सहा ते आठ तास हे काम चालते. चावताना लाळ सुटते. मोठ्या गायीस दिवसाकाठी शंभर लिटरांच्या आसपास लाळ येते, आणि त्या लाळेतील क्षार कोटीपोटातील आंबटपणा मारतात. परंतु रवंथ केव्हा होतो? पोटात लांब, खरबरीत चारा असेल तेव्हा. कडब्याच्या काडीने रवंथ होतो. भाताने, पिठाने किंवा पोळीने तो होत नाही.

आता वाचकांनीच विचार करावा की, एखाद्या दिवशी या पोटात एकदम दोन पायल्या धान्य, परातभर भात किंवा पंधरावीस पुरणपोळ्या गेल्या, तर काय होईल? पिठूळ व गोड अन्न तंतूप्रमाणे सावकाश आंबत नाही. ते काही तासांतच आंबते. पिठूळ अन्नावर झपाट्याने वाढणारे निराळेच जंतू बळावतात, आणि ते दह्यात असते त्या जातीचे तीव्र आम्ल तयार करितात. कोटीपोट आंबट होते, तंतू फोडणारे जंतू मरू लागतात, रवंथ बंद पडतो, आणि रवंथ बंद म्हणजे लाळ बंद; जो उपाय होता तोच नाहीसा होतो. पुढे शरीरातील पाणी पोटात ओढले जाते, आम्ल रक्तात उतरते, जनावर वैरण सोडते, त्याचे पोट तुंबते, शेण पातळ होते, ते झोकांड्या खाते व अखेर बसते. वेळीच उपाय न झाल्यास एकदोन दिवसांत ते मरते; वाचले तरी कित्येकदा खुरांस सूज येऊन कायमचे लंगडे होते. धान्य जितके बारीक दळलेले व जितके शिजलेले, तितका धोका अधिक. सणाच्या दुसऱ्या दिवशी अशा जनावरांसाठी बोलावणे येणे हे कोणत्याही पशुवैद्यास नवे नाही. आणि घरचे लोक मात्र ‘दृष्ट लागली’ म्हणून मीठमोहऱ्या ओवाळीत असतात!

येथे आक्षेप निघेल तो आम्हांस ठाऊक आहे. ‘आमचे वाडवडील पोळ्यास बैलांस पुरणपोळी घालीत आले, तेव्हाचे बैल का मेले नाहीत?’ आक्षेप खोटा नाही, परंतु तो आमच्याच बाजूचा आहे. वाडवडिलांचा बैल वर्षभर नांगर ओढीत असे, त्याच्या पोटात सकाळचा कडबा असे, आणि त्यास मिळे ती घरची एक किंवा दोन पोळ्या, मानाची. त्यांनी जो शब्द योजिला तोच पहा: गोग्रास. ग्रास म्हणजे घास. स्वयंपाकातील एक घास काढून ठेवावयाचा, परात नव्हे. त्यांचा घास एका घरच्या गायीस एका घरचा होता. आज शहरात गाय एक आणि पुण्यार्थी शंभर. प्रत्येकाचा घास लहान असला तरी गायीच्या पोटात शंभरांची बेरीज होते, आणि ती बेरीज कोणीच करीत नाही. रूढी तीच राहिली, पण परिस्थिती पालटली. अशा वेळी रूढीचे अक्षर सोडून तिचा हेतू राखणे यालाच आम्ही सुधारणा म्हणतो.

घासाबरोबर जे जाते त्याची गोष्ट तर याहून लाजिरवाणी आहे. शिळ्या पोळ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, पिशवीस गाठ मारून, ती गायीपुढे किंवा उकिरड्यावर टाकणारी माणसे निरक्षर नसतात. गाय गवताभोवती जीभ गुंडाळून घास ओढून घेते. शेळीप्रमाणे ओठांनी एकेक पान निवडीत नाही. अन्नाचा वास येणारी पिशवी ती अन्नासकट गिळते. ती पिशवी कोणत्याही जंतूस फोडता येत नाही. ती कोटीपोटात वर्षानुवर्षे साचत जाते, आणि पोट भरलेले असूनही गाय उपाशी मरू लागते. केरातील खिळा किंवा तारेचा तुकडा गेला, तर तो जड म्हणून जाळीपोटात उतरतो. आणि जाळीपोट व हृदय यांमध्ये केवळ एक पातळ पडदा असल्यामुळे पोटाच्या आकुंचनाबरोबर ती तार पुढे सरकून हृदयापर्यंत पोचू शकते. महाराष्ट्रात २०१८ साली अशा पिशव्यांवर बंदी आली; परंतु बंदी कागदावर राहिली आणि गाठ मारण्याची सवय हातात राहिली, तर त्या बंदीचा गायीस उपयोग काय?

या तीन जनावरांचा गण एक असला तरी स्वभाव एक नाही, हेही ध्यानात ठेविले पाहिजे. गाय उंच गवत ओढून खाते. मेंढी फाटलेल्या वरच्या ओठामुळे अगदी जमिनीलगतचे गवत खुडते. शेळी मागच्या पायांवर उभी राहून बोर, बाभूळ व सुबाभळीचा पाला निवडून खाते. म्हणूनच कोरड्या मुलखात, जेथे गाय हाडे काढते, तेथे धाराशिवकडील काळी उस्मानाबादी शेळी जुळी करडे देऊन ती वाढविते, आणि दख्खनी मेंढी धनगराबरोबर दरसाल शेकडो कोस चालते. या जाती निकृष्ट म्हणून त्यांस हिणविणाऱ्या शहरी मनुष्याने हे लक्षात घ्यावे की, येथील ऊन, येथील दुष्काळ आणि येथील पाला यांशी शतकानुशतके जुळते घेऊन त्या तयार झाल्या आहेत.

व्यापारी बंधूंस आमचे सांगणे यापुढचे आहे. दुकानात ‘जनावराचे खाद्य’ म्हणून एकच पोते दाखवून ते गायीस, शेळीस व मेंढीस सारखेच चालते असे सांगणे हे अज्ञान असेल तर दूर करावे, आणि कसब असेल तर सोडावे. गायीच्या खनिजमिश्रणात तांबे असते व ते तिला हवेही असते. परंतु मेंढीच्या यकृतात तांबे साठत जाते, आणि गायीस पथ्याचे असलेले तेच प्रमाण मेंढीस कालांतराने विष होते. कळपातील धडधाकट मेंढी एकाएकी पिवळी पडून मरते तेव्हा धनगर आपल्या दैवास बोल लावतो. तो बोल पुष्कळदा पोत्यास लावावयाचा असतो. दुसरी गोष्ट बुरशीची. ओलसर कोठारातील भुईमुगाची किंवा सरकीची पेंड व मका यांवर जी बुरशी येते तिचे विष गायीच्या पोटात नष्ट होत नाही. त्याचा अंश रूपांतर पावून दुधात उतरतो. बुरसट पेंड स्वस्तात खपविणाऱ्या दुकानदाराने एवढेच आठवावे की, संध्याकाळी त्याच्या स्वतःच्या मुलाच्या पेल्यात येणारे दूध कोठल्या तरी गोठ्यातूनच येते. बाजारातील असत्य निदान या एका बाबतीत तरी फिरून घरी येते.

बाजारहाटात जनावर विकत घेणारासही हे ज्ञान पैशाच्या उपयोगाचे आहे. विकणारा सकाळी मीठ चारून वर पाणी पाजतो, आणि फुगलेले पोट पाहून घेणारा भुलतो. परंतु ते वजन संध्याकाळी लेंड्यांत व मुतात निघून जाते. पोट पाहू नये. शेवटच्या बरगडीमागे कंबरेच्या मणक्यांवर हात फिरवावा. मणके करवतीसारखे बोटांस लागले तर जनावर रोड आहे, मग पोट कितीही मोठे दिसो. वय पाहावयाचे ते दातांवरून. या जनावरांच्या वरच्या जबड्यास पुढचे दात नसतातच, खालचे आठ असतात. दुधाचे दात पडून पक्क्या दातांची जोडी दरसाल येत जाते. शेळीमेंढीत पहिली जोडी साधारण एक ते दीड वर्षाच्या सुमारास, गुरांत दोन वर्षांच्या पुढे. बैलबाजारातले आदत, दुसा, चौसा आणि जुळलेला हे शब्द म्हणजे हेच शास्त्र आहे. आपल्या अशिक्षित म्हटल्या जाणाऱ्या बाजारकऱ्यास ते तोंडपाठ आहे आणि पदवीधरास नाही, एवढाच काय तो फरक.

केवळ दोष दाखवून थांबणे आम्हांस उचित वाटत नाही. तेव्हा करावयाचे काय तेही सांगतो. ज्यास गायीस घास घालावयाचा असेल त्याने चाऱ्याचा घालावा. कडबा, वाळलेले गवत, मक्याचा वा ज्वारीचा हिरवा चारा यांची पेंढी घेण्यास परातभर अन्नापेक्षा जास्त खर्च येतो असे नाही. मानाची पोळी अवश्य घालावी. पण ती एक, आणि पोटात वैरण गेल्यावर. देवळाच्या दारी पेढ्यांची दुकाने दहा असतात, तेथे वैरणीचे एक दुकान का नसावे? मंगल कार्यालयांच्या चालकांनी उरलेले अन्न माणसांच्या उपयोगी पडेल अशी व्यवस्था करावी, आणि जे टाकावयाचे ते जनावरांच्या तोंडी लागणार नाही अशा रीतीने खड्ड्यात पुरावे. ज्यांस खुराक वाढवावयाचाच आहे त्यांनी तो दहापंधरा दिवसांत थोडाथोडा वाढवावा, म्हणजे पोटातील जंतूंस नव्या अन्नाची सवय होण्यास अवधी मिळतो. बोकड पोसणारासही हाच नियम. शेळ्यामेंढ्यांस पावसाळ्याच्या तोंडी आंत्रविषाराची लस टोचून घ्यावी, कारण एकाएकी मिळालेल्या कोवळ्या व सकस चाऱ्यानेही हा रोग उठतो. आणि जनावराने धान्य खाल्ल्याचे कळताच ते बसेपर्यंत वाट पाहू नये. पशुवैद्यास किंवा १९६२ या क्रमांकावर ताबडतोब कळवावे. पहिले काही तास हातचे गेले की औषधाचा हात तोकडा पडतो.

हे अशक्य आहे असे कोणी म्हणू नये. मुंबईचे पांजरापोळ १८३४ साली उभे राहिले ते व्यापाऱ्यांच्याच पुढाकाराने. आजचे व्यापारी मनात आणतील तर प्रत्येक पेठेस चाऱ्याचा एक निधी उभारणे त्यांस जड नाही. २०१८-१९ च्या दुष्काळात याच महाराष्ट्रात चारा छावण्या चालल्या. म्हणजे संकट आले की आपल्यास चाराच सुचतो, सण आला की मात्र पुरणपोळी सुचते! महात्मा जोतीराव फुले यांनी १८८३ साली ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला तेव्हा जंगलखात्याने रान बंद केल्यामुळे शेतकऱ्याच्या गुरांस चरावयास जागा उरली नाही अशी तक्रार त्यांनी मांडली होती. आज गायराने आणखी आटली आहेत; दानाची खरी गरज तेथेच आहे, आणि आपण दान करितो ते भलत्याच ठिकाणी.

ज्ञानाने काय होते याचेही उदाहरण दूरचे नाही. पुण्यास १८८९ साली जनावरांच्या रोगांच्या संशोधनासाठी प्रयोगशाळा निघाली, ती पुढे मुक्तेश्वरास गेली. त्या काळी बुळकांडीच्या साथीने गावेच्या गावे गुरांवाचून रिकामी होत, आणि लोक देवीचा कोप म्हणून वेशीवर नारळ फोडीत. पुढे लस निघाली, ती खेडोपाडी टोचली गेली, आणि २०११ साली बुळकांडी साऱ्या जगातून नाहीशी झाल्याचे जाहीर झाले. कोप शमला तो नारळाने नव्हे. परातभर अन्नाने होणारा हा रोग तर बुळकांडीहून किती सोपा! त्यास लस नको, प्रयोगशाळा नको, सरकारी खर्च नको. हात थोडा आवरला की तो होतच नाही.

गायीविषयी आपल्या लोकांच्या मनात जी पूज्यबुद्धी आहे, शेळीविषयी गरिबाच्या मनात जी माया आहे, तिला आमचा मुळीच विरोध नाही. आमचे म्हणणे इतकेच की, पूजा ज्याची करावयाची त्याच्या प्रकृतीची निदान ओळख असावी. कोटीपोटास जात नाही, पंथ नाही, सण नाही. त्यास तंतू कळतो आणि आम्ल कळते. जो त्याचा नियम पाळील त्याचे दान पोचेल. जो मोडील त्याचे दान, कितीही श्रद्धेने दिलेले असले तरी, त्या मुक्या जीवास जाचल्यावाचून राहणार नाही. यंदाच्या पोळ्यास ताट भरण्यापूर्वी आमच्या वाचकांनी एवढा एक हिशेब करावा, अशी आमची त्यांस आग्रहाची विनंती आहे.